पक्षात जायचं की नाही? फॉर्म भरायच्या आधी हे वाचा

गेल्या काही महिन्यांत माझ्याकडं येऊन "ताई, पक्षात जाऊ का?" असं विचारणारे वाढलेत. कुणी नुकतंच कॉलेज संपवलेलं पोरगं, कुणी बचत गट चालवणारी, एक तर रिटायर झालेले गुरुजी. प्रत्येकाला तेच तेच सांगते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

माझं सांगायचं तर मी २०१६ ला पक्षात गेले. गेले म्हणजे काय, मैत्रिणीबरोबर एका मंगल कार्यालयात भाषण ऐकायला गेले होते, आम्हाला स्टेजवर बोलावलं, गळ्यात उपरणं पडलं, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात महिलांच्या पक्षप्रवेशाची बातमी, त्यात मी. सासूबाईंनी विचारलं, "अगं हे कधी ठरलं?" तर मला सांगता येईना, कारण ठरलंच नव्हतं. तिथं पाच वर्षं काढली, महिला आघाडीत शहर उपाध्यक्ष झाले, २०२१ ला राजीनामा दिला. मग दोन वर्षं कुठंच नव्हते. २०२३ ला दुसऱ्या पक्षात गेले ते मात्र सात महिने नीट बघून, विचारून, वाचून. आज तिथंच आहे. दोन्ही पक्षांची नावं मुद्दाम लिहीत नाही कारण नाव वाचलं की माणूस तिथंच बाजू घेतो आणि पुढचं वाचायचं राहतं.

आणि एक आधीच सांगते, मी कुणाला "जाऊ नका" म्हणणार नाही. मला मनापासून वाटतं की सरळ माणसांनी पक्षात जायला पाहिजे. फक्त माझ्यासारखं उपरण्यापासून सुरुवात करू नका.

१. कशासाठी जायचंय ते कागदावर लिहा

मनात नको, कागदावर लिहा. चार ओळी पुरे. साधारण चार कारणं असतात. एखादा विचार पटतो म्हणून, गावातलं एखादं काम व्हावं म्हणून, पुढं निवडणूक लढवायची म्हणून, आणि चौथं म्हणजे ओळखी लागतात, पोलीस स्टेशनला तहसीलला कुणीतरी आपलं असावं म्हणून. चौथं कारण लिहायला लाज वाटते पण बहुतेकांच्या मनात ते थोडंफार असतंच, लिहून टाका.

हे का करायचं तर प्रत्येक कारणाचा रस्ता वेगळा आहे. माझं कारण दुसरं होतं. आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी यायचं, तेही रात्री दीडला. मला वाटलं पक्षात गेलं की पाणी येईल. पक्षानं नगरपरिषदेवर घागर मोर्चा काढला, मीच पुढं होते, फोटो आले, आणि नंतर तो विषय बैठकीत कधी निघालाच नाही. का निघाला नाही ते वर्षभरानं कळलं, पाणीपुरवठ्याच्या देखभालीचा ठेका ज्याच्याकडं होता त्याचं आमच्या शहर कार्यकारिणीत रोजचं उठणं-बसणं होतं. शेवटी काय केलं, तर गल्लीतल्या अकरा जणी दर सोमवारी मुख्याधिकाऱ्यांकडं सह्यांचं पत्र घेऊन जायला लागलो आणि प्रत्येक पत्रावर पोच घ्यायला लागलो. तिसऱ्या महिन्यात व्हॉल्व्ह बदलला आणि पाणी तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी यायला लागलं. ह्याला पक्ष लागला नाही.

पण ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पण सांगते. आमच्या गावची जलवाहिनीच जुनी, ती बदलायची तर राज्य सरकारच्या नगरोत्थान सारख्या योजनेतून पैसा आणावा लागतो, त्यासाठी सभागृहात ठराव लागतो, आमदाराचा पाठपुरावा लागतो. तिथं अकरा बायकांच्या सह्या पोचत नाहीत. तिथं पक्ष लागतो. त्यामुळं कारण एका गल्लीचं असेल तर आधी पत्र, पोच, माहिती अधिकार हे करून बघा, आणि कारण त्याहून मोठं असेल तर पुढं वाचा.

२. नोकरीत आडवं येतंय का ते बघा

हे थोडक्यात पण महत्त्वाचं. राज्य सरकारी नोकरीत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ मधला नियम ५ वाचा, पक्षाचं सदस्य होता येत नाही, प्रचार करता येत नाही. केंद्राच्या नोकरीला १९६४ चे असेच नियम आहेत, जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांना त्यांचे वेगळे. खाजगी संस्थेतले शिक्षक, सरकारी बँकेतले लोक, मानधनावरचे कर्मचारी ह्यांनी आपापली नियमावली किंवा नेमणुकीचं पत्र काढून बघावं, "चालतंय की" म्हणणाऱ्यावर विसंबू नका, तक्रार झाली तर तो पुढं येत नाही.

नवरा सरकारी नोकरीत असला तरी बायकोला पक्षात जाता येतं, उलटही तसंच. फक्त त्यांची गाडी, त्यांचं नाव-पद, त्यांचा फोन नंबर प्रचारात कुठं दिसू देऊ नका.

आणि एमपीएससी, पोलीस भरतीची तयारी करत असाल तर पायरी ८ आधी वाचा.

३. पक्षाचे कागद वाचा

माझ्या माहितीतल्या शंभर कार्यकर्त्यांत पक्षाची घटना वाचलेले दोन सापडतील की नाही कोण जाणे. मी पण पहिल्या वेळेला वाचली नव्हती. निवडणूक आयोगाच्या वेबसाईटवर मान्यताप्राप्त पक्षांच्या घटना आहेत, एक संध्याकाळ जाईल, वाचा.

काय बघायचं? सदस्य कोण होऊ शकतो, सदस्यत्व किती वर्षांचं, पदाधिकारी निवडून येतात की वरून नेमले जातात, कुणाला काढायचं असेल तर त्याचं म्हणणं ऐकतात का, आणि पैशाचा हिशोब कोण कुणाला देतो. प्रत्येक पक्षाची तऱ्हा वेगळी असते. काँग्रेसच्या २०२१-२२ च्या नोंदणी फॉर्मवर दारू आणि अंमली पदार्थांपासून लांब राहीन, पक्षाच्या धोरणांवर जाहीर टीका करणार नाही अशी हमी होती, फी ५ रुपये. भाजपच्या २०२४ ला सुरू झालेल्या मोहिमेत मोबाईलवरून प्राथमिक सदस्य होता येत होतं, पण सक्रिय सदस्य व्हायला स्वतः ५० सदस्य करून दाखवायचे होते. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात तर दोन सदस्यांची शिफारस लागते, मग एक वर्ष उमेदवार सदस्य म्हणून राहायचं आणि उत्पन्नातून लेव्ही, म्हणजे ठरावीक हिस्सा, द्यायची. म्हणजे कुठं एका मिनिटात आत, कुठं वर्षभर उंबऱ्यावर. सोपं ते वाईट असं मी म्हणत नाही, पण दार जितकं सोपं तितकं आत तुमचं मत विचारलं जाण्याचं प्रमाण कमी, हा माझा अनुभव.

अठरा वर्षं पूर्ण लागतात हे बहुतेक ठिकाणी सारखं.

अजून एक, पक्ष नुसता नोंदणीकृत आहे की मान्यताप्राप्त, म्हणजे निवडणुकीत पुरेशी मतं-जागा मिळवलेला, ते बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम २९अ खाली कुणीही अटी पूर्ण करून पक्ष नोंदवू शकतं, आणि असे नोंदलेले पण निवडणुकाच न लढणारे पक्ष ढिगानं आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगानं असे ३३४ पक्ष यादीतून काढून टाकले. छोटा पक्ष म्हणजे वाईट असं नाही, शेतकरी कामगार पक्ष, रिपब्लिकन गट ह्यांच्यात काम केलेली फार मोठी माणसं आपल्याकडं होऊन गेली. पण "तुम्हाला थेट प्रदेश सचिव करतो, एवढे भरा" असं कुणी म्हणत असेल तर आधी आयोगाच्या यादीत नाव आहे का बघा.

महाराष्ट्रात आता ह्यात अजून एक गोष्ट आली आहे. २०२२ आणि २०२३ च्या फुटी आपण सगळ्यांनी बघितल्या. आयोगानं १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं, ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्रवादी आणि घड्याळ अजित पवार गटाला. त्या काळात दोन्हीकडच्या साध्या कार्यकर्त्यांनी रांगा लावून प्रतिज्ञापत्रं करून दिली, खोक्यांनी दिल्लीला गेली, आणि शेवटी वजन पडलं ते आमदार-खासदार किती कुणाकडं ह्याचं. शिवसेनेच्या बाबतीत तर २०१८ ची बदललेली घटना आमच्या रेकॉर्डवर नाही असंही आयोगानं म्हटलं. कोण बरोबर कोण चूक ह्यात मी पडत नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण घटना नावाच्या कागदावर, जो कुणी वाचत नाही, त्यावर अख्ख्या पक्षाचं नाव-चिन्ह अडकू शकतं हे त्यातून कळलं. म्हणून विचारा, तुमच्या तालुकाध्यक्षाची निवड शेवटची कधी झाली, मतदान झालं का, की मुंबईहून पत्र आलं.

४. झेंडा बाजूला ठेवा आणि तालुका बघा

माझं ह्या लेखात एकच म्हणणं असेल तर ते हे आहे. तुम्ही ज्या नेत्याची भाषणं मोबाईलवर ऐकून पक्षात जाताय तो तुम्हाला कधी भेटणार नाही. तुम्हाला रोज भेटणार आहेत ते शहराध्यक्ष, तालुकाध्यक्ष, विभागप्रमुख, शाखाप्रमुख, बूथप्रमुख आणि त्यांच्या भोवतीची आठ-दहा माणसं. तुमच्यासाठी पक्ष म्हणजे तीच. एकाच पक्षाचं युनिट एका तालुक्यात झकास असतं आणि शेजारच्या तालुक्यात तिथं पाय ठेवू नये असं असतं, मी दोन्ही बघितलंय.

म्हणून सदस्य न होता किमान सहा महिने जवळून बघा. बैठकीला जाता येतं, सहसा कुणी अडवत नाही, उलट चहा देतात. मी २०२३ ला वही घेऊन बसायचे आणि घरी येऊन लिहायचे. काय काय बघितलं ते सांगते.

निवडणूक नसताना ऑफिस उघडं असतं का. आमच्या इथल्या एका पक्षाचं ऑफिस आचारसंहिता लागली की उघडायचं आणि निकालाच्या दिवशी बंद व्हायचं. मी आता जिथं आहे तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन तास कुणीतरी बसतं, रेशन कार्ड, संजय गांधी निराधार, उत्पन्नाचे दाखले, लोकांची कामं चालतात. मला तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

बैठकीत कोण बोलतं. एकच माणूस तासभर बोलतो आणि बाकीचे टाळ्या, की कुणी उठून "साहेब हे पटलं नाही" म्हणू शकतं. आणि तसं म्हणणाऱ्याचं पुढच्या बैठकीत काय होतं, ते तर नक्की बघा. मी पहिल्या पक्षात एकदा वर्गणीचा हिशोब विचारला होता, नीट, आवाज न चढवता. कुणी काही बोललं नाही. पुढच्या कार्यक्रमाचा मेसेज मला आला नाही, त्याच्या पुढचाही नाही, आणि मी नसलेला एक वेगळा ग्रुप निघाला असल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं.

बायका कुठं बसतात. सतरंजीवर मागं की पुढं, त्यांना औक्षण आणि स्वागताच्या पलीकडं काही काम दिलं जातं का, तिकीट वाटपाच्या बैठकीत एक तरी बाई असते का. आपल्याकडं स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळं आरक्षण सोडत निघाली की सगळ्यांना एकदम वहिनी आठवतात, फॉर्मवर वहिनींची सही आणि कारभार भाऊंचा. आधीची महिला नगरसेविका स्वतः सभेत बोलायची का ते गावात कुणालाही विचारा, लगेच सांगतील.

तीन माणसांना भेटा: एक जो पक्ष सोडून गेला, एक जो पंधरा वर्षं पद नसताना टिकून आहे, आणि एक जो निवडणूक लढून हरला. तिघांनाही एकच विचारा, "तुम्ही अडचणीत होता तेव्हा कोण आलं?" ह्या प्रश्नाची उत्तरं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. हरलेल्या काकांनी मला सांगितलं की निकालाच्या रात्री घरी आलेला एकमेव माणूस त्यांचा बूथवरचा पोरगा होता, अध्यक्षांचा फोन आठ दिवसांनी आला तोही गाडीचं भाडं कोण देणार ह्यासाठी. ह्या काकांनी पक्ष सोडला नाही, आणि का सोडला नाही हेही त्यांनी दोन तास सांगितलं, ते पण ऐकण्यासारखं होतं.

आणि नेत्यांची शपथपत्रं बघा. २००२-०३ मधल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनंतर उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं लिहून द्यावं लागतं. आमदार-खासदारकीची शपथपत्रं आयोगाच्या साईटवर आणि मायनेता वर मिळतात. गुन्हा दिसला म्हणून लगेच दचकू नका, आंदोलनाची केस आणि फसवणुकीची केस ह्यात फरक असतो, कलम वाचा.

५. घरात बसून वेळ आणि पैशाचं बोला

पक्षाचं काम फुकट होत नाही. पेट्रोल, चहा, कुणाच्या वाढदिवसाचा बॅनर, गणपती मंडळाची पावती, लग्नाचे आहेर, मयतीला जाणं. मी २०१९ ला डायरी लिहिली होती, पद मिळाल्यावरच्या एका वर्षात स्वतःच्या पर्समधून तेवीस हजार गेले होते आणि मी काही मोठी कार्यकर्ती नव्हते, शिलाई मशीनवर घर चालवणारी बाई. तेव्हापासून महिन्याला हजाराच्या वर नाही हे ठरवून टाकलं आणि तसं बैठकीत सांगून टाकलं. सांगितल्यावर कुणी रागावत नाही, न सांगता ओढत राहिलो की उधारी होते.

निवडणूक लढवायची असेल तर घरच्यांना ह्या गोष्टी आधी माहीत पाहिजेत:

- ग्रामपंचायत, नगरपरिषद, जिल्हा परिषदेला वय २१ पूर्ण, विधानसभा-लोकसभेला २५.
- सप्टेंबर २००१ नंतर तिसरं किंवा त्यापुढचं अपत्य झालं असेल तर स्थानिक निवडणुकीत अपात्र. हे फॉर्म भरताना आठवणारे लोक आहेत.
- राखीव जागेवर लढायचं तर जातीचा दाखला आणि जात वैधता. वैधतेला वेळ लागतो, आतापासून अर्ज करा.
- ग्रामपंचायत निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. नुसतं सरपंच-सदस्य व्हायचं असेल तर कायद्यानं पक्ष लागत नाही, गावात गट लागतो ती वेगळी गोष्ट.
- विधानसभेला अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. लोकसभेला २५,००० आणि १२,५००.

आणि तिकीट मिळेल म्हणून चार वर्षं काम केलं आणि आरक्षण बदललं, आघाडीत जागा दुसऱ्या पक्षाला गेली, असं सतत होतं. शिवाय निवडणूक वेळेवर होईलच असंही नाही, मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि पुढं काही वर्षं तिथं प्रशासकच होते, आमच्यासारख्या गावांतही तेच. किती तरी पोरं त्या काळात नुसती बॅनर लावून थकली.

६. आता फॉर्म

सहा महिने बघून, घरात बोलून, मन "हो" म्हणत असेल तर फॉर्म भरा. लागतं ते एवढंच:

- मतदार ओळखपत्र किंवा मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक
- स्वतःचा मोबाईल
- एक-दोन फोटो
- सदस्य फी, जी असेल ती
- काही ठिकाणी ओळख म्हणून एखाद्या जुन्या सदस्याचं नाव

फसायच्या जागा ह्या आहेत. आधारची झेरॉक्स सहसा लागत नाही, मागितलीच तर त्यावर आडवी रेघ मारून "फक्त पक्ष सदस्यत्वासाठी" आणि तारीख लिहून द्या. बँक पासबुक, पॅन कशाला लागतं ते विचारा. ओटीपी दुसऱ्याला सांगू नका, टार्गेट पूर्ण करायला कार्यकर्ते "ताई एक नंबर आलाय तो सांगा" म्हणतात आणि तुम्ही न कळत सदस्य होता, सरकारी नोकरीवाल्यांना तर हे महागात पडेल. कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टॅम्पवर सही अजिबात नाही.

पैसे देताय तर पावती घ्या, देणगी असेल तर चेक किंवा यूपीआय आणि तेही पक्षाच्या खात्यावर, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. दोन हजारांच्या वर रोख देणगी घेतली तर पक्षाची आयकरातली सूट जाऊ शकते आणि रोख दिलेल्या देणगीवर तुम्हाला आयकरात सवलत मिळत नाही. कुणी म्हणालं पक्षाला एवढे द्या, कमिशन कापून बाकीचे परत देतो, टॅक्स वाचेल, तर ते सरळ गुन्ह्याचं काम आहे, आयकर खातं अशा लोकांच्या मागं लागलेलं आहे.

आणि स्टेजवरच्या जाहीर पक्षप्रवेशाला "नंतर बघू" म्हणा. ऑफिसात शांतपणे फॉर्म भरला तरी सदस्य होता येतं.

७. पहिलं काम मागा ते बूथचं

लोक पद मागतात. तुम्ही एक बूथ मागा. हजार-बाराशे मतदार, म्हणजे तीनशे-चारशे घरं. यादी घ्या आणि घरोघरी फिरा. मयत झालेल्यांची नावं, लग्न होऊन गेलेल्या मुली, अठरा झालेली पण नाव नसलेली पोरं. नवीन नावाला फॉर्म ६, नाव काढायला ७, दुरुस्ती आणि पत्ता बदलायला ८. ह्या एका कामात गाव जेवढं कळतं तेवढं दहा बैठकांत कळत नाही. कुणाच्या घरात अपंग म्हातारी आहे, कुणाचं पोरगं पुण्याला गेलंय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं.

मग निवडणुकीला पोलिंग एजंट, म्हणजे मतदान केंद्रावर उमेदवाराचा प्रतिनिधी, म्हणून बसा. विधानसभा-लोकसभेला मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल, म्हणजे मशीनची चाचणी, होतो त्याला वेळेत हजर राहा, उशीर झाला तर ते चुकतं. दिवस संपल्यावर फॉर्म १७क ची प्रत मागून घ्या, त्यात एकूण किती मतं पडली ते असतं. हक्क आहे तो एजंटचा. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतं, तिथली पद्धत थोडी वेगळी असते, आधी विचारून ठेवा. मी पहिल्यांदा २०१९ ला बसले, सकाळी पाचला घरातून डबा घेऊन गेले ते रात्री साडेआठला आले, पाय सुजले होते, पण माझ्या बूथवरच्या प्रत्येक मताची मोजदाद माझ्या वहीत होती आणि तो दिवस मी कधी विसरणार नाही.

दोन-तीन महिने बूथ नीट केलं तर पक्षाला तुम्ही कळता आणि तुम्हाला पक्ष कळतो. तरी काम द्यायला कुणी तयार नसेल, नुसतं फोटोला बोलावत असतील, तर तेही उत्तरच आहे.

८. आंदोलन आणि केस

आंदोलन करा, मी पण करते. पण माहिती असून करा. परवानगी घेतलेली आहे का, जमावबंदी लागू आहे का हे निघायच्या आधी विचारा. जमावबंदी मोडली की महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली गुन्हा लागतो, आदेश मोडल्याचा गुन्हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली होता, आता भारतीय न्याय संहितेत २२३ आहे. लोक म्हणतात "राजकीय केस आहे, काही होत नाही, सरकार मागं घेतं." शासन निर्णय निघतात हे खरं आहे, पण ते सगळ्यांना लागू होत नाहीत, मालमत्तेचं मोठं नुकसान, पोलिसांवर हल्ला असं काही असेल तर सहसा नाहीच, आणि होईपर्यंत तारखा चालू राहतात. पासपोर्टला, चारित्र्य पडताळणीला, भरतीला केस असलेलं पोरगं अडकतं. माझ्याबरोबरच्या एका मुलाची एका रास्ता रोकोची केस सहा वर्षं चालली, भरतीचं वय त्यातच निघून गेलं. तो त्या दिवशी रस्त्यावर बसला पण नव्हता, बाजूला व्हिडिओ काढत होता.

म्हणून भरती, परदेश, सरकारी परीक्षा डोक्यात असेल तर पक्षाला सरळ सांगा, मी यादीचं काम करीन, लिहायचं काम करीन, रस्त्यावर येणार नाही. चांगलं युनिट ते ऐकतं. आणि केस झालीच तर वकील कोण देणार हे आंदोलनाच्या आधी विचारायचं, नंतर नाही. सोशल मीडियाचंही तेच, पक्षाचा मेसेज असला तरी तुमच्या नंबरवरून गेला की जबाबदारी तुमची, जाती-धर्मावर भडकवणारं काही आलं तर पुढं पाठवू नका, पाठवायला सांगणारा अध्यक्ष असला तरी.

९. "नाही" असं ठरलं तर

तेही चांगलं आहे, आणि हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. ग्रामसभा आहे, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखांच्या आसपास साधारण होतात, जा आणि बोला, तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. शाळा व्यवस्थापन समिती आहे, सोसायटी आहे. एखाद्या उमेदवाराचं काम आवडलं तर सदस्य न होता त्याचा प्रचारही करता येतो. गुरुजींना मी शेवटी हेच सांगितलं, त्यांना कुणाच्या शिस्तीत बसायचं नव्हतं, त्यांनी माहिती अधिकाराचे अर्ज लिहून द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या ओसरीवर आता रोज चार माणसं असतात.

१०. बाहेर पडायचं झालं तर

हे आत जातानाच माहीत असू दे. साधे सदस्य किंवा पदाधिकारी असाल तर बाहेर पडायला कायद्याची काही अडचण नाही. पण पक्षाच्या चिन्हावर नगरसेवक, जिल्हा परिषद किंवा पंचायत समिती सदस्य म्हणून निवडून आला असाल तर १९८६ चा महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा आहे, पक्ष स्वतःहून सोडला किंवा व्हिप (मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश) मोडला तर पद जाऊ शकतं, नगरपरिषदेत ती तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं जाते. वकिलाला विचारल्याशिवाय तोंडी पण "मी पक्ष सोडला" म्हणू नका.

बाकीच्यांनी दोन ओळींचं पत्र लिहायचं. "वैयक्तिक कारणामुळं सदस्यत्वाचा आणि अमुक पदाचा राजीनामा देत आहे, आजच्या तारखेपासून मला मुक्त समजावं." कारणं लिहीत बसू नका, मी साडेतीन पानं लिहिली होती आणि ती सगळ्या ग्रुपवर फिरली. पत्र ज्याने पद दिलं त्याच्या नावे, एक प्रत जिल्ह्याला, स्पीड पोस्टानं, पावती जपून ठेवा. तुमच्याकडच्या मतदार याद्या, पावती पुस्तक, ओळखपत्र, बॅनरचा सांगाडा, जे काही असेल ते मोजून परत द्या आणि मिळाल्याची सही घ्या. पावती पुस्तकाचा हिशोब तर दुसऱ्या माणसासमोर द्या. मग ग्रुपमधून बाहेर पडा, घराच्या पाटीवरून, गाडीवरून, स्टेटसवरून पद काढा, आणि लगेच दुसऱ्या पक्षाचा फोन येईल, त्याला सांगा की सहा महिने थांबतेय.